मेट्रनबाईंनी खिचडी खाल्ली

घरमालक भाडेकरूकडं काय काय मागतात? आधार कार्ड, ओळखीचा माणूस, फार तर पोलिसांचा दाखला. मेट्रनबाईंनी माझ्याकडं नखं मागितली. मी बदलीचा मास्तर, हातात वळकटी घेऊन त्यांच्या दारात उभा, आणि या बाई चष्मा पुढं ओढून माझी बोटं उलटीपालटी करून बघताहेत.

"अंगठ्याच्या नखात काय आहे हे?"

"माती असेल. शेतकऱ्याच्या घरचा आहे मी."

"शेत गावाकडं ठेवून यायचं, लेकरा. जा, आधी नळावर जा."

मी मुकाट्यानं नळावर गेलो. त्या घरात राहिलो तोवर मी बहुतेक नळावरच होतो असं म्हटलं तरी चालेल. बाहेरून आलं की नळ, जेवायच्या आधी नळ, पेपर चाळला की नळ. मी पाथर्डीकडचा. आमच्याकडं टँकरचा आवाज आला की बायका हातातली भाकरी टाकून धावायच्या. जेवढ्या पाण्यात आमच्या घरची सकाळ उरकायची तेवढं पाणी ही बाई मला कोपरापर्यंतच्या हातांवर ओतायला लावी. अक्षरशः जिवावर यायचं.

गाव कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेच्या काठी. मेट्रनबाई कुठल्याशा मिशन दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, शेवटी मेट्रन झाल्या आणि निवृत्तीनंतर गावी येऊन चर्चच्या मागच्या गल्लीत घर बांधून राहिल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणत, "हात धुणारा भेटला नाही."

खांद्याला कायम एक खाकी कापडी पिशवी. तिच्यात स्वतःची वाटी, चमचा, पेला, साबणाची डबी आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. गावात कुणाच्या घरचा कण त्या तोंडात घालत नसत. लग्नाला जात, पंगतीत बसत, आणि पिशवीतून केळं काढून खात. "केळं देवानं बांधून पाठवलंय. त्याला आचाऱ्याचा हात लागलेला नाही." यात जातपात, धर्मबिर्म काही नव्हतं हं. पाळकसाहेबांनासुद्धा प्रभुभोजनाआधी त्यांच्यादेखत हात धुवावे लागत. नाताळात गल्लीभर करंज्यांची ताटं फिरायची. मेट्रनबाई ताट आदरानं घेत, ख्रिस्ती रिवाजाप्रमाणं "सलाम" म्हणत, आणि दार लागलं की करंज्या माझ्या पुढ्यात. त्या घरात राहण्याचा तेवढा एक फायदा होता.

जंतूंना त्या गावातल्या माणसांसारखं ओळखत. "टायफॉइड हा खरा गुंड. कावीळ चोरपावलांनी येते. जुलाबाचे जंतू म्हणजे सुट्टीतले पाहुणे, एकटा कधी येत नाही." एकदा जेवताना मी सहज विचारलं, "आणि एड्स?" तर त्यांनी असं तोंड केलं, जसं काही मी वर्गातल्या सगळ्यात पुचाट पोराची चौकशी केली.

"एचआयव्ही? घरकोंबडा आहे तो. माणसाच्या अंगाबाहेर त्याचा निभाव लागत नाही. हवा सोसत नाही, ऊन सोसत नाही, उकळतं आधण तर सोडूनच दे. तो कुणाकडं चालत येत नाही, लेकरा. आपणच त्याला कडेवर घेऊन येतो. सुईच्या पोटात उरलेल्या रक्तातून. न तपासलेलं रक्त चढवलं तर त्यातून. निरोध न वापरता संबंध ठेवले तर त्यातून. आणि आईला औषध मिळालं नाही तर तिच्याकडून बाळाला. आणखी एखादी वाट दाखव, मी ही पिशवी प्रवरेत टाकीन."

मी भात कालवत होतो. 'संबंध' हा शब्द त्यांनी 'मीठ दे' म्हणावं तसा उच्चारला. घास माझाच अडकला.

बोलून थांबणारी ती बाई नव्हती. आमच्या गावात एक डॉक्टर होता. कुठल्या शाखेचा, हे कुणी कधी विचारलं नाही. गावातल्या माणसाला सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही, आणि याला नवी सुई काढायचा कंटाळा. मेट्रनबाई रोज सकाळी पेशंट असल्यासारख्या त्याच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. कुणी बाही वर केली की म्हणायच्या, "पाकीट माझ्यासमोर फोडा." पुढं पुढं तर त्या नुसत्या रस्त्यानं जाताना दिसल्या तरी तो आतून ओरडायचा, "नवी हाय बाई, नवी हाय!"

माझं लग्न तर त्यांनी मोडतच आणलं होतं. सासरे, म्हणजे तेव्हा व्हायचे होते, मुलगा राहतो कुठं ते बघायला आले. मेट्रनबाईंनी आधी त्यांना नळावर पाठवलं, मग खुर्ची दिली.

"पत्रिका जुळली?"

"जुळली की. झकास जुळली."

"आणि रक्त?"

"म्हंजी?"

"मुलाचं रक्त तपासलंत का, एचआयव्हीसाठी? पोर याच्या स्वाधीन करणार आणि चौकशी कशाची केली, तर घराण्याची आणि पगाराची?"

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्यावर तरी बाईंनी थांबावं की नाही? "आणि मुलीचंही तपासा," त्या म्हणाल्या, "याच्यावर तरी अन्याय कशाला?" सासरे ताडकन उठले ते चपला पायात अडकवत फाटकाबाहेर.

मी बाईंशी बोलणं सोडलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, नखं मात्र बघतच राहिल्या. मग सासऱ्यांचा फोन आला. "मास्तर, लई इचार केला. म्हातारी बोलली त्ये खोटं न्हाई. आमी पोरीचं रक्त तपासून आनलं. आता तुमचं बोला." मी गेलो, तपासून आलो, दोघांचंही चांगलं निघालं आणि लग्न झालं. लग्नाच्या पंगतीत सासऱ्यांनी मेट्रनबाईंच्या पानात स्वतःच्या हातानं एक केळं आणून ठेवलं.

आता खिचडीचं सांगतो, माझ्या लग्नाआधीचं. आमच्या शाळेत दुपारचं जेवण मंगल शिजवायची. तिचा नवरा उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, कोपरगावकडं कारखान्यांना फेऱ्या करायचा. तो आजारी पडून गेला आणि मंगलनं शाळेची चूल धरली. आमच्या शाळेची हजेरी तिच्या खिचडीवर चालायची, माझ्या शिकवण्यावर नाही. हे मी मोकळ्या मनानं कबूल करतो.

मग एका टेम्पोवाल्यानं पारावर बातमी फोडली. मंगल म्हणे नगरच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत दिसली. (नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण टेम्पोवाल्याची जीभही माझ्यासारखीच जुनी.) दुसऱ्या दिवशी पोरं घरून डबे घेऊन आली. खिचडी पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चाखून बघायची असते. ते काम मुख्याध्यापकांचं. ते आता लांबून वास घेऊन चव सांगायला लागले. "छान आहे, मीठ बेताचं आहे," असं वासावरून! मी मात्र खात होतो. मेट्रनबाईंच्या घरात राहून बाकीच्या हजार भीती मला जडल्या होत्या, ही तेवढी गेली होती. पण बदलीच्या मास्तरला विचारतो कोण? शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, शनिवारी बैठक घेऊ, ठराव करू, बाई बदलून टाकू. इकडं बायकांनी मंगलला सामाईक नळावरही यायची बंदी केली. ही चूल सुटली असती तर तिला गावच सोडावं लागलं असतं.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मेट्रनबाई हात धूत होत्या. साबण हातात तसाच राहिला.

"हा आजार नवीन होता ना, तेव्हा आमच्या वॉर्डात असाच एक ड्रायव्हर आला होता," त्या म्हणाल्या. "मी त्याचं ताट काठीनं सरकवलं. मी! नर्स! तो नुसता बघत होता माझ्याकडं. तेव्हा काही माहीत नव्हतं रे आम्हाला. आता सगळं माहीत आहे. आता भिणाऱ्याची मी गय करणार नाही."

शनिवारी त्या निघाल्या तेव्हा मी बघतच राहिलो. खांद्याला पिशवी नव्हती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, आणि खांदा मोकळा. गल्लीतल्या लोकांनाही काहीतरी चुकल्यासारखं झालं.

बैठकीत मात्र त्यांना बघून सगळ्यांना हायसं वाटलं. पाळकाला हात धुवायला लावणारी बाई, ती काय मंगलची खिचडी खपवून घेणार? अध्यक्ष लगबगीनं उठले. "या, बाई, या. आता तुमीच सांगा ह्यास्नी सवच्छतेचं."

"सांगते की," मेट्रनबाई म्हणाल्या आणि सुरू झाल्या. खिचडीच्या पातेल्यावर झाकण का नाही? पळी जमिनीवर कुणी ठेवली? मुख्याध्यापक, हात दाखवा. मुख्याध्यापकांनी हात पाठीमागं नेले. मग त्या पाण्याच्या टाकीजवळ गेल्या आणि मला वर चढवलं.

"काय दिसतं?"

"शेवाळ आहे. आणि एक पाल."

"जिवंत?"

"नाही."

"केव्हा मेली असेल?"

"बाई, मी मास्तर आहे हो!"

"ठराव या टाकीवर करा," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "पोरं आजारी पडली तर हिच्यानं पडतील."

अध्यक्ष जरा बिथरले. "त्ये करू हो. पन मंगलचं काय? कांदा चिरताना तिचं बोट कापलं तर?"

"तर पट्टी बांधायची. तुमचं कापलं तरी तेच करायचं. खिचडी उकळते, त्यात एचआयव्ही जगत नाही. आणि खाण्यातून तो कुणाला लागतच नाही."

"डास?" मागून कुणीतरी विचारलं. "डास तिला चावला अन् मंग आमाला चावला, तर?"

"डासाच्या पोटात तो विषाणू पचून जातो. डासांमुळं पसरला असता तर या नदीकाठी ठराव करायला तरी कोण उरलं असतं?"

टेम्पोवाला उठला. "पन म्या सोता बघितलं तिला, गोळ्यांच्या रांगेत."

"तू तिथं कशाला गेला होतास?"

टेम्पोवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. सगळी बैठक त्याच्याकडं वळली. तो कुणाला घेऊन गेला होता की स्वतःसाठी गेला होता, देव जाणे. मेट्रनबाईंनी एकदा विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत सोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. तो त्यांनी सोडला. "डोळे तपासायला गेला असशील," त्या म्हणाल्या. "बस खाली. दवाखान्यात दिसलेल्या माणसाचं नाव पारावर घ्यायचं नसतं."

मंगल चुलीशी उभी होती. तीच पुढं झाली. "कशाला कुनाला इचारता? व्हय, हाय मला. नवऱ्याकडून आलं. त्याला हाय हे त्यालाच म्हाईत नव्हतं, तर मला कुठून म्हाईत असनार? रोज गोळी घेते. काम करते. कुनाच्या जिवावर उठले का मी?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तात तो विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडतसुद्धा नाही. औषध न घेता तसंच राहिलं तर पुढं एड्स होतो. हिला काय धाड भरलीय? तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. आणि सर, आजारावरून कुणाला कामावरून काढणं कायद्यात बसत नाही, ते बघून ठेवा." मुख्याध्यापकांनी कपाळ पुसलं. मग बाई तिथंच पोरांच्या पंगतीच्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या. "मंगल, वाढ."

शप्पथ सांगतो, सगळे माना उंचावून बघायला लागले. मेट्रनबाई दुसऱ्याच्या हातचं खाताहेत हे दृश्य गावानं कधी पाहिलं नव्हतं. शाळेचं ताट, चमचा नाही, हातानं कालवून घास. एक, दुसरा, तिसरा. "मिरची जास्त आहे," त्या म्हणाल्या आणि तेवढ्यात त्यांना उचकी लागली.

उचकी थांबेना. मंगल घाबरली. धावत गेली, टाकीच्या तोटीखाली पेला धरला आणि आणून बाईंच्या पुढं केला. पाल मी स्वतः बघितली होती, बाईंनी ऐकली होती. बाटली घरी, पिशवीत. बाईंनी पेल्याकडं बघितलं, मंगलच्या हाताकडं बघितलं. सगळं गाव त्या पेल्याकडं बघत होतं. त्यांनी पेला घेतला आणि घटाघटा रिकामा केला.

ठराव झाला नाही. अध्यक्षांनीही नाइलाजानं एक घास घेतला आणि मिरचीबद्दल त्यांचंही तेच मत पडलं. बैठक मोडली.

रविवारी सकाळी मेट्रनबाईंचं पोट बिघडलं. साधं नाही, पार जुलाब लागले.

आणि गाव तर बघायलाच येणार होतं. चर्चला जाणारे आमच्याच गल्लीतून जातात. त्या दिवशी न जाणारेही गेले. मेट्रनबाई कडक पांढरी साडी नेसून ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. चेहरा साडीहून पांढरा. "मी आज प्रार्थना इथूनच ऐकणार आहे," असं जाहीर केलं. येणारा जाणारा थांबायचा.

"बाई, बरं हाय ना?"

"ठणठणीत."

एक आजोबा तर काठी टेकून समोरच उभे राहिले. "अजून काई झालं न्हाई जनू?"

"काय व्हायला हवं होतं?"

"न्हाई, काल खाल्लं नव्हं... मंग कवा लागंल?"

"तुम्ही सावलीत जाऊन वाट बघा, बाबा," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "लेकरा, गॅसवर दूध ठेवलंय वाटतं." ही आमची खूण. त्या अगदी सावकाश, मानानं उठायच्या, दाराच्या आत जायच्या, आणि मग पळायच्या. त्या दिवशी आमच्या घरी दूध किती वेळा उतू गेलं, विचारू नका. औषधाच्या दुकानात मला जाऊ देईनात, दुकानदार विचारेल म्हणून. साखर-मिठाचं पाणी करून दिलं तेही चहाच्या कपात, फुंकर मारत प्यायल्या.

मी वैतागलो. "अहो, सांगून टाका ना सरळ, टाकीच्या पाण्यानं झालं म्हणून!"

"लोक काय ऐकतील, टाकी की मंगल?" त्या म्हणाल्या. जन्मात खोटं न बोललेली बाई पोट आवळून गावभर 'ठणठणीत' सांगत बसली होती.

सोमवारी बऱ्याच पोरांचे डबे गेले, हळूहळू उरलेलेही गेले. टाकी धुतली गेली, आणि अजूनही धुतली जाते. मंगल अजून त्याच चुलीवर खिचडी शिजवते. मेट्रनबाई आता नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, नळ सोडला की हमखास येते. पण त्या रविवारची संध्याकाळ सांगायची राहिली.

गल्ली रिकामी झाली होती. बाई ओट्यावरून आत येऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या, बोलायचीही ताकद नव्हती. दारातून मंगल आली. पदराखाली पातेलं आणि चमचा.

"मला काही झालेलं नाही," बाई लगेच म्हणाल्या.

"व्हय का? सकाळधरनं ऐकतीया, दूध उतू जातंय, दूध उतू जातंय. ह्या घरात म्हैस न्हाई, एवढं दूध आलं कुठनं?" मंगल खाली बसली. तिचे डोळे भरले होते. "म्याच दिलं त्ये पानी."

"टाकीनं दिलं. तू नाही."

"पन तुमाला तर पाल म्हाईत हुती. मंग पिलं कशापायी?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "तू हात पुढं केला होतास ना."

मंगलनं पदरानं डोळे पुसले आणि पातेल्यावरचं झाकण काढलं. भाताची पेज होती, मीठ घातलेली, वाफाळती. बाईंनी घ्यायला हात पुढं केला. मंगलनं पातेलं मागं ओढलं.

"आधी हात."

मेट्रनबाईंनी तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं. मग भिंत धरून उठल्या, नळावर गेल्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि परत येऊन तिच्यासमोर बोटं धरली. मंगलनं ती उजेडाकडं नेली, उलटीपालटी करून नीट बघितली.

"बसा आता," ती म्हणाली. बाई बसल्या आणि तिच्याच पातेल्यातून, तिच्याच चमच्यानं पेज प्यायल्या. पिशवी खुंटीवर होती, ती त्यांनी मागितली नाही.